पहिलं ओव्हरस्पीडचं चलान आलंय? पुण्यातल्या नव्या चालकांनी काय करावं

मोबाइलवर मेसेज येतो. त्यात गाडीचा नंबर, चलानाचा क्रमांक आणि दंडाची रक्कम असते. लायसन्स हातात येऊन जेमतेम काही महिने झालेली मुलंमुली अशा वेळी एकतर घाबरून लगेच पैसे भरतात, नाहीतर ‘बघू नंतर’ म्हणून मेसेज तसाच ठेवून देतात. दोन्हींत चलान वाचायचंच राहून जातं. ओव्हरस्पीडच्या चलानात फोटो, वेळ, जागा, मोजलेला वेग आणि कायद्याचं कलम असतं. ते दहा मिनिटं नीट वाचलं की भरायचं की हरकत घ्यायची, हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

आधी मेसेज खरा आहे का ते बघा

ई-चलानाच्या नावाखाली फसवणूक खूप चालते. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘आरटीओ चलान’ अशा नावाची एपीके फाइल येते. ती उघडली की फोनमध्ये घातक अ‍ॅप बसतं, तुमचे एसएमएस आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती जातात आणि खातं रिकामं होतं. कोणतंही सरकारी चलान एपीके फाइलमधून येत नाही. अशी फाइल डाउनलोड झालीच असेल तर उघडू नका. उघडली असेल तर फोनचं इंटरनेट बंद करा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खात्याचे व्यवहार थांबवा आणि सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर लगेच तक्रार नोंदवा. इथे प्रत्येक मिनिटाला किंमत आहे.

मेसेज खरा वाटला तरी त्यातल्या लिंकवर जाऊ नका. ब्राउझर उघडून ‘महाट्रॅफिक ई-चलान’ हे महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचं संकेतस्थळ स्वतः गाठा. केंद्राच्या ‘परिवहन’ संकेतस्थळावरही ई-चलानाचा विभाग आहे. वरच्या पट्टीतला पत्ता मात्र नीट वाचा. सुरुवातीचं ‘https://’ सोडून पुढच्या पहिल्या तिरप्या रेषेच्या (/) आधी पत्ता ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ने (.gov.in) संपायला हवा. ही अक्षरं मध्येच कुठेतरी असतील आणि शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा दुसरंच काही असेल, तर ती बनावट साइट आहे. महाट्रॅफिक नावाचं अधिकृत अ‍ॅपही आहे, पण ते प्ले स्टोअर किंवा अ‍ॅप स्टोअरवरूनच घ्या.

संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसिस किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक लागतात. दोन्ही क्रमांक आरसीवर असतात. आरसी घरी राहिली असेल तर डिजिलॉकर किंवा एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपमध्ये बघा. नंबर टाकल्यावर त्या गाडीवरची सगळी चलानं दिसतात. पुष्कळांना इथेच कळतं की एक नाही, तीन चलानं पडून आहेत: एक सिग्नलचं, एक नो-पार्किंगचं आणि हे वेगाचं. प्रत्येक वेगळं उघडून बघा.

फोटो मोठा करून बघा

चलानासोबतचा फोटो हाच मुख्य पुरावा आहे. तो मोठा करा आणि नंबरप्लेटचं एकेक अक्षर ताडून पाहा. कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअर ८ आणि बी, ० आणि डी, १ आणि ७ यांत गल्लत करू शकतं. प्लेट चिखलाने माखलेली असेल, वाकडी लावलेली असेल किंवा अक्षरं नक्षीदार असतील, तर ही शक्यता आणखी वाढते.

मग गाडी बघा. कंपनी, मॉडेल आणि रंग तुमच्याच गाडीचा आहे का? नंबर तुमचा पण गाडी भलतीच, असं दिसलं तर कोणीतरी तुमचा नंबर वापरतोय. हे प्रकरण दंडापुरतं राहत नाही, त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

फोटोत दोन-तीन गाड्या शेजारी असतील तर वेग नेमका कोणत्या गाडीचा मोजला, हे स्पष्ट दिसतंय का तेही पाहा. त्यानंतर तारीख आणि वेळ. त्या वेळी गाडी कोणाकडे होती हे घरातल्या सगळ्यांना विचारा. ‘मी नव्हतोच’ असं वाटणाऱ्या बऱ्याच चलानांच्या वेळी गाडी मित्राने नेलेली असते.

शेवटी मोजलेला वेग, तिथली मर्यादा आणि चलान कोणत्या विभागाने केलं, हे लिहून घ्या. विभागाचं नाव महत्त्वाचं आहे. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड, पुणे ग्रामीण आणि महामार्ग पोलीस ही चार वेगळी खाती आहेत. बाणेर पुणे शहरात येतं, वाकड आणि हिंजवडी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात. द्रुतगती मार्गावरच्या चलानाची तक्रार घेऊन शहर वाहतूक शाखेत गेलात तर हेलपाटा पडेल.

वेग मोजतात कसा, आणि मर्यादा कोणती धरतात

वेग तीन प्रकारे मोजला जातो. पोलिसांच्या इंटरसेप्टर गाडीतून (वेग मोजणाऱ्या गस्तीच्या गाडीतून) किंवा रस्त्याकडेला उभं राहून स्पीडगनने, खांबावरच्या कॅमेऱ्याने एका जागी, आणि दोन कॅमेऱ्यांच्या मधल्या अंतरावरून सरासरी काढून. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून सुरू झालेल्या यंत्रणेत शेवटच्या दोन्ही पद्धती आहेत. सरासरीचं गणित सरळ आहे. समजा कॅमेरे लावलेल्या दोन कमानींमध्ये १० किलोमीटर आहेत. ताशी १०० च्या वेगाने ते कापायला ६ मिनिटं लागतात. तुम्ही ५ मिनिटांत पोहोचलात तर सरासरी १२० झाली. कमानीखाली ब्रेक मारून पुढे पुन्हा गाडी दामटणाऱ्यांना इथे काही फायदा होत नाही. उलट मागच्या गाडीला अचानक ब्रेक मारावा लागतो, हा धोका वेगळाच.

द्रुतगती मार्गावर सपाट पट्ट्यात कारला १०० ची मर्यादा आहे, बोरघाटात ६० ची. घाटात शिरताना मर्यादा एकदम ४० ने खाली येते आणि नवे चालक नेमके तिथे अडकतात. उतारावर पाय अ‍ॅक्सिलरेटरवर नसतानाही गाडी वेग घेते. म्हणून घाट लागण्याआधीच गिअर खाली आणा. नुसत्या ब्रेकवर उतार काढत राहिलं तर ब्रेक तापतात. दुचाकीला या मार्गावर बंदीच आहे.

शहरातल्या मर्यादेबद्दल मोठा गैरसमज आहे. केंद्राने २०१८ मध्ये ठरवलेल्या कमाल मर्यादेनुसार महापालिका हद्दीत कारला ७० आणि दुचाकीला ६० आहे. हे आकडे इंटरनेटवर सापडतात आणि मुलं तेच दाखवून वाद घालतात. पण हे वरचं टोक झालं. त्याहून कमी मर्यादा ठरवण्याचा अधिकार राज्याला आणि स्थानिक यंत्रणेला आहे. त्यामुळे त्या रस्त्याची अधिसूचित मर्यादा आणि तिथे लावलेला फलक हेच धरलं जातं. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणारा रस्ता घ्या. तिथल्या अपघातांमुळे मर्यादा कमी केलेली आहे. मागच्या वर्षी इथून किती वेगाने गेलो होतो, यावर विसंबू नका, फलक वाचा. चांदणी चौकात मुख्य महामार्ग सोडून रॅम्पवर किंवा सेवा रस्त्यावर उतरलात की तिथेही तेच.

‘माझा मीटर तर कमी दाखवत होता’ हे कारण चालत नाही. कंपनीतून आलेल्या गाडीचा स्पीडोमीटर सहसा खऱ्या वेगापेक्षा किंचित जास्तच दाखवतो. अपवाद एकच, बाहेरून मोठ्या मापाचे टायर बसवलेली गाडी. टायरचा घेर वाढला की चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर जाते, पण मीटर जुन्याच घेराने हिशोब करतो. अशी गाडी चालवत असाल तर मोबाइलच्या जीपीएसवरचा वेग आणि मीटर एकदा ताडून घ्या. सोबत बसलेल्याला वाचायला सांगा, चालवताना स्वतः फोन हातात घेऊ नका.

दंड आणि कलम

ओव्हरस्पीडचं कलम मोटार वाहन कायद्याचं १८३. २०१९ च्या दुरुस्तीनंतर हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये आणि मध्यम व अवजड वाहनाला २००० ते ४००० रुपये दंड आहे. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१ पासूनच्या दरांनुसार दुचाकीला साधारण १००० आणि कारला २००० रुपये पडतात. तुमच्या चलानावर छापलेली रक्कम हीच तुमची रक्कम.

चलानावर कलम १८४ दिसलं तर मात्र गोष्ट गंभीर आहे. ते धोकादायक वाहन चालवण्याचं कलम आहे. त्यात पहिल्या वेळेलाही ५००० रुपयांपर्यंत दंड आणि कैदेची तरतूद आहे. अशा वेळी घरच्या घरी अंदाज न बांधता वकिलाला चलान दाखवा.

गाडी बाबांच्या नावावर असेल तर

पुण्यात शिकायला आलेल्या कित्येकांच्या गाडीचा नंबर सोलापूरचा, नगरचा किंवा संभाजीनगरचा असतो आणि आरसी वडिलांच्या किंवा काकांच्या नावावर. चलानाचा मेसेज आरसीला जोडलेल्या मोबाइलवर जातो, म्हणजे तुमच्याआधी बाबांना कळतं. किंवा तो मोबाइल नंबर बंद असतो आणि कोणालाच कळत नाही. तुमच्याकडे गाडी असेल तर महिन्यातून एकदा संकेतस्थळावर नंबर टाकून बघत जा, आणि आरसीला जोडलेला मोबाइल नंबर ‘परिवहन’वर अद्ययावत करून घ्या.

चलान तुमच्या हातून झालं असेल तर त्याच दिवशी घरी सांगा. गाडी कोण चालवत होतं, असं पोलिसांनी विचारलं तर कलम १३३ प्रमाणे मालकाने ती माहिती देणं बंधनकारक आहे. काही घरांत मुलाचं लायसन्स वाचावं म्हणून आईचं किंवा आजोबांचं नाव पुढे करतात. असं अजिबात करू नका. फोटोत चालक दिसू शकतो, आणि दोन हजारांच्या दंडापायी घरातल्या माणसावर खोटी माहिती दिल्याचा ठपका येतो.

चालवणाऱ्याचं वय १८ पेक्षा कमी असेल तर हा विषय ओव्हरस्पीडपुरता राहत नाही. कलम १९९अ नुसार पालकाला किंवा मालकाला २५,००० रुपये दंड आणि ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही. धाकट्या भावाला ‘जरा कोपऱ्यापर्यंत’ गाडी देण्याआधी हे लक्षात असू द्या.

भाड्याच्या बाइकवर चलान आलं तर दुकानदार अनामतीतून पैसे कापून घेतो. कापण्याआधी चलानाची प्रत मागा आणि त्यातली वेळ तुमच्या भाड्याच्या वेळेत बसते का ते बघा.

चलान बरोबर असेल तर भरून टाका

संकेतस्थळावर चलान निवडून यूपीआय, कार्ड किंवा नेट बँकिंगने पैसे भरता येतात. चौकातल्या वाहतूक पोलिसांकडच्या ई-चलान यंत्रावरही थकीत चलान भरता येतं. त्याची पावती घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

ऑनलाइन भरताना सर्वात जास्त गोंधळ एकाच ठिकाणी होतो. खात्यातून पैसे जातात, पण चलान ‘न भरलेलं’च दिसतं. घाईने दुसऱ्यांदा भरू नका. व्यवहार क्रमांकाचा स्क्रीनशॉट काढा, एक-दोन दिवस थांबा, पुन्हा तपासा. तेव्हाही तेच दिसलं तर तो क्रमांक देऊन तक्रार करा. चलान ‘भरलं’ असं दिसू लागलं की पावतीची पीडीएफ उतरवून घ्या आणि आरसीच्या प्रतीसोबत एकाच फोल्डरमध्ये ठेवा. गाडी विकताना हीच पावती कामाला येते.

दंड भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत गुन्ह्याची तडजोड, कलम २००. त्याने कोर्टातली कारवाई टळते. नोकरी, पासपोर्ट, परदेशी शिक्षण यांच्या काळजीने कित्येकांची झोप उडते, पण तडजोडीने मिटलेलं चलान ही शिक्षा ठरत नाही. लायसन्सवरची कारवाई मात्र या पैशांनी आपोआप टळत नाही.

चलान चुकीचं असेल तर

पैसे भरू नका. एकदा भरलं की हरकतीचा मुद्दा जवळजवळ संपतो. महाट्रॅफिक संकेतस्थळावर आणि अ‍ॅपवर तक्रारीचा विभाग आहे. तिथे चलान क्रमांक टाका, चूक कोणती ते दोन-तीन वाक्यांत लिहा आणि पुरावे जोडा: आरसी, तुमच्या गाडीचे पुढून-मागून नंबर दिसणारे फोटो, आणि त्या वेळी गाडी दुसरीकडे असल्याचा कागद. पार्किंगची पावती, सर्व्हिस सेंटरचं जॉबकार्ड, फास्टॅगचा तपशील, सोसायटीच्या गेटवरची नोंद, यातलं काहीही चालेल. सोसायटीचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसलं जातं, त्यामुळे ते आधी मिळवा.

तक्रारीत रागाला जागा नको. ‘फोटोतली गाडी पांढरी स्विफ्ट आहे, माझी गाडी राखाडी आय-ट्वेन्टी आहे, आरसी जोडली आहे’ एवढं पुरतं. उत्तर आलं नाही तर पुणे शहराच्या चलानासाठी येरवड्यातल्या वाहतूक शाखेच्या कार्यालयात सगळ्या कागदांच्या दोन प्रती घेऊन जा. एक प्रत त्यांना द्या, दुसरीवर पोच घ्या.

कॅमेऱ्याच्या चलानांसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांत ऑगस्ट २०२१ मध्ये १६७अ हा नियम आला. त्यानुसार यंत्राला मान्यतेचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवं. देखरेखीच्या पट्ट्याआधी सूचना देणारा फलक हवा, आणि गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायला हवी. यातली त्रुटी खरोखर दिसत असेल तर तक्रारीत जरूर लिहा. पण फोटोत तुमचीच गाडी स्वच्छ दिसत असताना आणि वेग मर्यादेच्या २५ ने वर असताना केवळ तांत्रिक मुद्द्यावर महिनोन्‌महिने खेटे घालणं आमच्या मते वेळेचं नुकसान आहे.

दुसऱ्या गाडीवर तुमचा नंबर लागलेला असेल तर ई-चलानाच्या तक्रारीवर थांबू नका, जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या. उद्या त्याच गाडीने अपघात केला तर पोलीस आधी तुमच्या दारात येतील. गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट (एचएसआरपी) बसवली नसेल तर तीही बसवून घ्या.

पडून राहिलं तर

चलान आपोआप रद्द होत नाही. ते कोर्टाकडे जातं, समन्स येतं, आणि गाडी नावावर करताना किंवा एनओसी (ना-हरकत प्रमाणपत्र) काढताना आडवं येतं. व्हर्च्युअल म्हणजे ऑनलाइन कोर्टात गेलेलं प्रकरण ई-कोर्टाच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरवरून शोधता येतं. राष्ट्रीय लोकअदालतीच्या आधीही थकीत चलानांबद्दल मेसेज येतात. तिथे तडजोडीने प्रकरण मिटू शकतं. पण सवलत मिळेलच या आशेवर पहिलंच चलान वर्षभर धरून ठेवायचा सल्ला आम्ही देणार नाही. त्या वर्षात दुसरं आलं की हिशोब बदलतो.

लायसन्सचं काय

कलम १८३ मध्ये पहिल्या वेळेला दंड आहे, दुसऱ्या आणि पुढच्या वेळेला लायसन्स जप्त करण्याची तरतूद आहे. जप्त झालेलं लायसन्स आरटीओकडे जातं आणि ते तीन महिन्यांसाठी निलंबित होऊ शकतं. आरटीओची कारणे दाखवा नोटीस आली तर दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या आणि बोलावलं असेल तर स्वतः हजर राहा. उत्तरच दिलं नाही तर निर्णय तुमचं म्हणणं न ऐकता होतो. निलंबनाच्या काळात गाडी चालवली तर कलम १८२ खाली १०,००० रुपये दंड, कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. या काळात अपघात झाला तर विम्याचा दावाही अडचणीत येतो. तीन महिने पीएमपी आणि मेट्रोने फिरा.

रस्त्यातच थांबवलं तर

इंडिकेटर देऊन गाडी डावीकडे घ्या, इंजिन बंद करा. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली कागदपत्रं ग्राह्य धरली जातात. गॅलरीतला लायसन्सचा फोटो मात्र धरत नाहीत. स्पीडगनवरचा वेग आणि फोटो दाखवा अशी विनंती करा, ती रास्त आहे. ‘साहेब, वेग किती आला?’ एवढं शांतपणे विचारलं तर बहुतेक वेळा यंत्र दाखवलं जातं. पैसे यंत्राच्या पावतीवरच द्या. हुज्जत घालून किंवा पळून गेलात तर साध्या १८३ मध्ये आणखी कलमं जोडली जातात.

वेगाचा हिशोब एकदा करून बघा

ताशी ६० च्या वेगात गाडी सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. समोर कोणी आलं हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच संपतात. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी २० मीटर लागतात, म्हणजे एकूण ४५. ताशी ८० ला हाच आकडा ७० च्या आसपास जातो. पावसात तर आणखी पुढे. या २० च्या वाढीने १० किलोमीटरमागे जास्तीत जास्त अडीच मिनिटं वाचतात, तीही एकही सिग्नल लागला नाही तर.

गुगल मॅप्समध्ये वेग दाखवण्याची सोय चालू करून फोन होल्डरला लावा. कारमध्ये वेगाचा इशारा ठरवता येत असेल तर तो शहरासाठी ५० वर ठेवा. रात्री अकरानंतर आणि पहाटे रस्ते मोकळे असतात, तेव्हा वेग नकळत वाढतो. त्या वेळी मीटरकडे जरा जास्त लक्ष द्या.

आणि जुनी बाइक घेणार असाल तर पैसे देण्याआधी तिच्या नंबरवरची सगळी चलानं उघडून बघा. थकीत असतील तर आधीच्या मालकाकडून भरून घ्या, पावत्या घ्या आणि मगच फॉर्म २९ व ३० वर सह्या करून संगमपुलाजवळच्या आरटीओतलं नाव बदलण्याचं काम सुरू करा.